वाफ जाते कुठे?

मैत्रिणींनो, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन म्हटलं की आपण सगळं इलेक्ट्रिशियनवर सोपवून मोकळ्या होतो. तो भिंतीला भोक पाडतो, पंखा गरगरतो, झालं काम! पण पंख्यानं ओढलेली वाफ जाते कुठे, हे कोण विचारतं?

दिघ्याला माझ्या नणंदेचं घर आहे. ठाणे-बेलापूर रस्ता सोडून पारसिकच्या डोंगराकडे वळलं की वस्ती चढावर चढत जाते. नणंदेच्या घराची मागची भिंत डोंगरालाच टेकलेली. खालची खोली म्हणजे तळघरच म्हणा ना! बाथरूम तिथेच, खिडकीला जागा नाही. म्हणून पंखा बसवला तो स्वयंपाकघराकडच्या भिंतीत. आंघोळीची वाफ थेट डब्यांवर! पापड मऊ, कोपऱ्यात काळी बुरशी. "वहिनी, पंखा तर रोज लावते मी," हे तिचं पालुपद.

अहो, पंखा वाफ संपवत नाही, तिची जागा बदलतो. ती घराबाहेरच जायला हवी. माळ्यावर नाही, पॅसेजमध्ये नाही. शेवटी प्लंबरनं छताखालून चार इंची पीव्हीसी पाइप पुढच्या भिंतीबाहेर काढला. पाइपला बाहेरच्या बाजूला थोडा उतार हवाच. वाफेचं पाइपातच पाणी होतं, आणि उतार नसेल तर ते उलट पंख्यात ठिबकतं. तिथे वीज आहे, विसरू नका. वळणं जितकी कमी तितकं बरं. साधा पातीचा पंखा लांब पाइपातून हवा ढकलू शकत नाही, दुकानात पाइपला जोडायचाच पंखा मागा. बाहेरचं तोंड खाली वळवून झडप लावा, नाहीतर कबुतरं संसार थाटतात. आणि ते शेजारणीच्या खिडकीसमोर नको, चाळीत एवढ्यावरूनही भांडणं होतात!

दाराखाली बोटभर फट ठेवा. हवा आत आलीच नाही तर पंखा बाहेर टाकणार काय? आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली, तेव्हा भिंत पुसावीही लागते.

पण माझा जीव अडकला होता तो गॅस गिझरमध्ये. तोही त्याच बाथरूममध्ये. भाचीला आंघोळ करताना दोनदा चक्कर आली, सासूबाई म्हणाल्या रक्त कमी असेल. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. जीवही जातो. "पंखा आहे ना" म्हणून निर्धास्त राहू नका. वीज गेली की पंखा बंद. आणि हवा यायला वाट नसेल तर पंखा गिझरचा धूर उलटा खोलीत ओढू शकतो. गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेतच हवा. नणंदेचा आता पुढच्या ओट्यावर आहे.

आत कुणी हाकेला ओ देत नसेल तर आधी गॅस बंद करा, दार उघडा, प्रसंगी तोडा. माणसाला मोकळ्या हवेत आणा, दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना गिझरचं आवर्जून सांगा.