बर्थाच्या वाटेतली नळी

डिसेंबर 2013. अमेरिकेतल्या सिॲटल शहराखाली रस्त्याचा बोगदा खणणारे ‘बर्था’ हे साडेसतरा मीटर व्यासाचे अवाढव्य यंत्र जेमतेम तीनशे मीटर जाऊन थांबले. वाटेत आठ इंच व्यासाची पोलादी नळी आली होती. भूजल मोजण्यासाठी ती 2002 मध्ये, याच प्रकल्पाच्या अभ्यासात, पुरलेली होती! यंत्र तिच्यामुळेच बिघडले का, यावर कंत्राटदार आणि सरकार कोर्टात भांडले; 2019 मध्ये ज्यूरीने सरकारची बाजू उचलून धरली. दुरुस्तीसाठी सुमारे 36 मीटर खोल खड्डा खणावा लागला आणि काम दोन वर्षे अडले.

सांडपाण्याच्या अरुंद बोगद्यात तर दुरुस्तीला माणूस आत शिरण्याचीही सोय बहुधा नसते. वरून रस्ता फोडूनच यंत्र गाठावे लागते.

म्हणून आधी चाचपणी. जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडार कोरड्या वाळूत छान चालते. ओल्या चिकणमातीत मात्र लहरी मीटर-दोन मीटरमध्येच विरतात. खोलवरच्या लोखंडासाठी बोअर घेऊन त्यात चुंबकमापक सोडतात. तो पोलाद ओळखतो, लाकडी खांब किंवा दगडी पाया नाही. मोठ्या यंत्रांतून पुढे शोधभोकेही घेता येतात, पण त्यासाठी खोदाई थांबते.

या सगळ्याहून स्वस्त साधन म्हणजे जुने नकाशे आणि बोअरच्या नोंदी. दुर्दैवाने कंटाळवाणेही तेच.