पुतण्याची गिटार आणि व्हाल्व्हची पेटी



द्राक्षावरची भुरी, दावण्या, तुंबलेल्या ठिबकच्या नळ्या असले विषय घेऊन मी आपल्यापुढे येत असतो. आज एका पेटीची हकीकत सांगणार आहे. पत्र्याची, फूटभर लांबीची, वर तीन काचेच्या नळ्या लावलेली पेटी. गेल्या उन्हाळ्यात तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी, सोप्यात बैठक मारून, मी आणि माझ्या पुतण्याने ती बांधली. हसू नका. शेतकी पदवीधराला हे उद्योग कोणी सांगितले, असे आमच्या दादांनीही विचारले होते.

पुतण्या शेतकी पदविकेला आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वाजवतो. कोणाकडून तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन तो सुटीत घरी आला आणि दादांनी पहिल्याच संध्याकाळी विचारले, "याचा आवाज कुठं आहे?" प्रश्न चुकीचा नव्हता. आपण सर्वांनी मिरजेचा तंबोरा पाहिलेला असतो. त्याचा भोपळा मंगळवेढे-पंढरपुराकडच्या रानात पिकतो, म्हणजे तंबोऱ्याचे घुमणे शेवटी कोणा शेतकऱ्याच्याच वेलावरून येते. या गिटारला भोपळा नाही, पोकळ पोट नाही. भरीव लाकूड, त्यावर पोलादी तारा, आणि तारांखाली लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते, पण अगदी क्षीण. ती शेकडो पटींनी वाढवून स्पीकरला दिल्याशिवाय काही ऐकू येत नाही. हे वाढवण्याचे काम करतो तो अॅम्प्लिफायर.

बाजारात तयार अॅम्प्लिफायर मिळतात, स्वस्तही मिळतात. पुतण्याला व्हाल्व्हचा हवा होता. व्हाल्व्हवर जोर दिला की आवाज फाटण्याआधी गोल होतो, दाट होतो. गिटार वाजवणाऱ्यांना तेच आवडते. त्याने मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या 'चँप' नावाच्या लहान अॅम्प्लिफायरचा, १९५० च्या दशकाच्या अखेरीचा. शिकाऊ मुलांसाठी काढलेला, जेमतेम पाच वॉटचा.

या फेंडर साहेबांविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लिओ फेंडर १९०९ साली कॅलिफोर्नियात एका संत्रा बागायतदाराच्या घरी जन्मले. लहानपणी आजारात एक डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचे. १९३८ साली त्यांनी फुलरटन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले आणि तिथूनच गिटार व अॅम्प्लिफायरचा कारखाना उभा राहिला. गंमत अशी, की त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणारे येत, काय मोडते, काय खरखरते ते सांगत, आणि हे ऐकून सुधारणा करीत. माझ्या खात्यातल्या तरुण सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आता व्हाल्व्ह म्हणजे काय ते पाहू. काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. मध्यभागी तापणारा भाग, त्याला कॅथोड म्हणतात. बाहेरून पत्र्याचे वेढण, ती प्लेट. कॅथोड तापून लाल झाला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. या दोहोंच्या मध्ये तारेची विरळ जाळी असते. अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ही जाळी घातली आणि सगळा चमत्कार तिच्यात आहे. पाटाच्या दाराशी उभा असलेला पाटकरी आठवा. तो चाक चार बोटे फिरवतो आणि इकडे चारीला पाणी हातभर चढते. पाणी काही पाटकऱ्याच्या मनगटातून येत नाही, ते धरणातून येते. गिटारची क्षीण वीज जाळीवर येते तेव्हा ती चाक फिरवणारा हात असते.

आणि धरण? ते असते तीनशे-साडेतीनशे व्होल्टचे.

इथे आमच्या घरात सगळे अडले. १९९४ च्या पावसाळ्यात माझा चुलतभाऊ विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरला चिकटून गेला. ओले पाय, गंजलेली पेटी, आणि आसपास कोणी नाही. सव्वीस वर्षांचा होता. दुपारी जेवायला आला नाही म्हणून वहिनी भाकरी घेऊन मळ्यात गेल्या, त्यांनीच त्याला पाहिला. तेव्हापासून आमच्या घरात बल्बही वहिनींना विचारून बदलतात. तीनशे व्होल्ट ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, पोराला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं. पण मी समोर बसल्याशिवाय ती पेटी उघडायची नाही."

मी कबूल केले. तीस वर्षांत मी पुष्कळ पुस्तकी सूचना वाचल्या आहेत. एकट्याने वीजकाम करू नये, ही त्यांतली पहिली असते आणि ती कोणी पाळत नाही. वहिनी रोज दुपारी निवडायचे ताट घेऊन समोर बसत. शेजारी वाळलेली बाभळीची काठी.

पहिले काम पेटीचे नव्हतेच. पेटी पत्र्याची, म्हणजे तिला अर्थिंग हवे. सोप्यातल्या प्लगाचे झाकण काढून पाहिले तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. घर बांधल्यापासून नव्हती! आपल्यापैकी कितीजणांच्या घरी तसे असेल ते एकदा वायरमनला बोलावून पाहून घ्या. आम्ही परसात खड्डा घेतला, पट्टी पुरली, कोळसा-मीठ भरले, पाणी सोडले आणि तिथून तार आत आणली. दोन दिवस गेले.

सामान तीन ठिकाणांहून जमवले. व्हाल्व्ह तीन: वीज सुधारून एकाच दिशेने सोडणारा ५वाय३, पहिल्या वाढीसाठी १२एएक्स७ आणि स्पीकरला ताकद देणारा ६व्ही६. एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हाल्व्ह बनत असत. आता नवे व्हाल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. रेझिस्टर, कपॅसिटर पुण्याच्या बुधवार पेठेतून आणले. मूळ नकाशा अमेरिकेतल्या एकशे सतरा व्होल्टसाठी आहे; आपल्याला मेन्स ट्रान्सफॉर्मर दोनशे तीसचा लागतो. त्याचे उच्च दाबाचे वेटोळे मी नकाशापेक्षा मुद्दाम कमी, २७५-०-२७५ व्होल्टचे घेतले. कारण आपल्याकडे रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज अडीचशेवर जाते आणि साडेचारशे व्होल्टचे कपॅसिटर फुटायला वेळ लागत नाही.

स्पीकरकडचा ट्रान्सफॉर्मर तालुक्याच्या गावी मोटारी भरणाऱ्याकडून भरून घेतला. माणूस हाताचा पक्का. आत २८०० वेढे, बाहेर ८०, पस्तीसास एक. पैसे दिले, घरी आलो. त्या ट्रान्सफॉर्मरची कथा पुढे येईल.

जोडकामाला आठ दिवस लागले. कथलाचा डाख पहिल्या दिवशी गोळा-गोळा बसतो. टोक नीट तापवले, तारेलाच ऊब दिली, म्हणजे कथील आपोआप पसरते, कल्हईसारखे. पुतण्याचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. व्हाल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा वेणीसारखा पीळ घालून कडेकडेने न्यायच्या, नाहीतर आवाजात घुंई शिरते.

मग वीज देण्याचा दिवस. आपले वायरमन नवी मोटार तपासताना दिवा सिरीजमध्ये लावतात, तसाच आम्ही साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सामान वाचते. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला. छान! मग बल्ब काढून सरळ जोडणी केली. फक्त ५वाय३ बसवला आणि मीटर लावला. काटा चढत चढत तीनशे नव्वदवर गेला. प्लग काढला, बाजूला ठेवला, आणि एक तार सरळ करायला मी पेटीत हात घातला.

झटका दंडापर्यंत गेला. कोपर मागे भिंतीवर आपटले. ताट उलटले, तांदूळ सोपाभर झाले आणि वहिनी काठी घेऊन उभ्या.

"भावजी, पेटी बंद होती ना?"

"होती."

"मग?"

माझ्याजवळ उत्तर होते, पण सांगायची लाज वाटत होती. पंप बंद केला तरी टाकी भरलेलीच राहते. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी. बाकीचे दोन व्हाल्व्ह बसवलेले नव्हते, त्यामुळे ती टाकी रिकामी व्हायला वाटच नव्हती. दोन लाख वीस हजार ओहमचा एक रेझिस्टर टाकीच्या तळाशी गळतीसारखा लावायचा असतो. तो पुड्यात आला नव्हता आणि मी "उद्या लावू" म्हटले होते. वीस-पंचवीस रुपयांचीही वस्तू नव्हे ती. आपल्या पंपाचा कपॅसिटरही मोटारीपासून सुटा केला तर असाच भरलेला राहू शकतो, हे ध्यानात असू द्या.

चार दिवस पेटीवर कापड पडले. दादा काही बोलले नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट. रेझिस्टर आणून बसवला, मग वहिनींना मीटरसमोर बसवून दाखवले: प्लग काढला, की काटा उतरू लागतो, पाऊण मिनिटात शून्याजवळ. त्यांनी तो तीनदा करून पाहायला लावला. तेव्हापासून हात घालण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "काटा शून्यावर आला का?" आणि माझा डावा हात खिशात. दोन्ही हात आत असले की वीज छातीतून जाते.

पुढच्या रविवारी तिन्ही व्हाल्व्ह बसवले, स्पीकर जोडला. (स्पीकर न जोडता हा अॅम्प्लिफायर कधीही वाजवू नये, ट्रान्सफॉर्मर जळतो.) नळ्यांत नारिंगी उजेड आला, आणि वीस सेकंदांनी अशी किंकाळी उठली की दावणीची गाय दावे ओढू लागली. यात घाबरण्यासारखे काही नसते. स्पीकरकडचा थोडा आवाज नकाशात मुद्दाम मागे फिरवलेला असतो, लगाम म्हणून. तारा उलट लागल्या तर लगामाचा चाबूक होतो. काटा शून्यावर आणून ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल केली. शांत.

पुतण्याने गिटार लावली. आवाज आला, पण पातळ, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. जाड तारा तर वाजतच नव्हत्या. पोराचा चेहरा उतरला. दोन दिवस मी सगळे रेझिस्टर मोजत बसलो, सगळे बरोबर. मग ट्रान्सफॉर्मर उघडून पाहिला. भरणाऱ्याने ई आकाराच्या पट्ट्या सवयीप्रमाणे एक या बाजूने, एक त्या बाजूने अशा घट्ट रचल्या होत्या. स्टॅबिलायझरला तेच बरोबर. पण ६व्ही६ मधून वीज सतत एकाच दिशेने वाहते; लोखंड चुंबकाने आधीच भरून जाते. पोट भरलेल्या बैलापुढे वैरण टाकावी तसे, वरून आलेला आवाज त्यात शिरतच नाही. अशा ट्रान्सफॉर्मरला सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या पट्ट्या समोर, आणि मध्ये पातळ लेदरॉइड कागदाची फट ठेवावी लागते. चूक त्याची नव्हे, मी सांगितलेच नव्हते. तो म्हणाला, "साहेब, फट ठेवून काम केलं तर गिऱ्हाईक मला मारंल." तरी त्याने ते माझ्यादेखत करून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी पुतण्याने सोप्यात वाजवले ते काय होते मला सांगता येणार नाही. मला त्यातले कळत नाही. पण जाड तार छेडली तेव्हा कोनाड्यातली समई किंचित थरथरली. दादा बाहेर ओट्यावर बसले होते. थोड्या वेळाने आत आले आणि म्हणाले, "आपल्या जुन्या रेडिओसारखा आवाज आहे. आबांनी भंगारात दिला तो." मग तिथेच बसले.

सगळा खर्च चौदा हजारांच्या आसपास गेला. भजनी मंडळासाठी कोणी हे करायला निघाला असेल तर करू नका. पाच वॉट सोप्याला पुरतात, देवळाला नाहीत, आणि तेवढ्या पैशांत तयार संच येतो. ज्याला मीटर धरता येत नाही त्यानेही आधी एखाद्या जाणत्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे बसावे.

पेटी आता कॉलेजच्या गावी आहे. व्हाल्व्ह काढून, वहिनींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने नेले. परवा रात्री पुतण्याचा फोन आला. आवाजात घुंई येते आहे, पेटी उघडून पाहू का, विचारत होता. मी बोलण्याआधी वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला.

"तुझ्याजवळ कोण बसलंय?" त्यांनी विचारले.