तीन हिरवे दिवे आणि गुडुप अंधार

उद्या पेपर आहे. वसमत रोडवरची अभ्यासिका, रात्रीचे साडेअकरा. लाइट जाते. कुणी मानही वर करत नाही, कारण इन्व्हर्टर आहे. त्यावर तीन हिरवे दिवे, म्हणजे बॅटरी फुल्ल! तासाभराने टूं टूं टूं... आणि गुडुप अंधार. ‘काका, आत्ता तर फुल्ल दाखवत होतं ना!’ काकांचं उत्तर ठरलेलं, ‘बॅटरी जुनी झाली.’

आपलं फार तर काय होतं? मोबाइलच्या टॉर्चवर उरलेला चॅप्टर उरकायचा. पण हाच प्रकार भर समुद्रात, शिडाच्या नौकेवर झाला तर?

गोष्ट वाटते तितकी लांबची नाही. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली सुमारे 17 मीटर लांबीची ‘तारिणी’ ही नौदलाची शिडाची नौका. 2017-18 मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून जगप्रदक्षिणा करून आल्या. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि मे 2025 मध्ये परतल्या. नौका ओढायला वारा फुकट मिळतो. पण दिशा सांगणारं जीपीएस, रात्रीचे दिवे, रडार, सुकाणू सांभाळणारा ऑटोपायलट, उपग्रह फोन हे सगळं चालतं बॅटरीवर.

वीज संपणं तिथे किती महागात पडू शकतं? 21 सप्टेंबर 2018 आठवा. गोल्डन ग्लोब शर्यतीत कमांडर अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात सापडली. डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, जागचं हलता येईना. जगाशी धागा उरला तो उपग्रहामार्फत जाणाऱ्या छोट्या संदेशांचा. 24 सप्टेंबरला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांची सुटका केली. तेवढे दिवस संदेश पाठवायला कुठल्या तरी बॅटरीत जीव असणं किती गरजेचं होतं, विचार करा.

म्हणून लांब पल्ल्याच्या नौकांवर बॅटरी मॉनिटर बसवतात. तो आपल्या तीन दिव्यांपेक्षा वेगळा काय करतो?

साधे दिवे बहुतेक वेळा फक्त व्होल्टेज बघतात. 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी फुल्ल असताना साधारण 12.7 व्होल्ट दाखवते आणि अर्धी रिकामी झाली की 12.2. फरक उणापुरा अर्ध्या व्होल्टचा! त्यातही पंखे सुरू केले की आकडा खाली येतो, चार्जिंग लावलं की वर चढतो. खरा आकडा हवा तर बॅटरीला काही तास निवांत ठेवावं लागतं. समुद्रात ही चैन कुणाला परवडणार?

मॉनिटरची पद्धत एसटीच्या कंडक्टरसारखी आहे. एकच दार, चढले किती, उतरले किती, मोजत राहायचं. हे दार म्हणजे ‘शंट’. धातूचा जाडजूड तुकडा, रेझिस्टन्स अगदी नगण्य. 500 अँपिअर गेले की त्याच्या दोन टोकांत 50 मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणजे 50 अँपिअरला 5 मिलिव्होल्ट. बारावीत पाठ केलेला ओहमचा नियम, दुसरं काही नाही! मॉनिटर तो फरक सतत मोजतो आणि किती अँपिअर-तास आले-गेले याचा हिशोब ठेवतो.

बसवताना आधी हातातली अंगठी, कडं काढायचं. पाना चुकून दोन्ही टर्मिनलला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजनही निघत असतो. मग सगळी उपकरणं आणि चार्जर बंद करून निगेटिव्ह केबल सोडवायची आणि बॅटरी व केबलच्या मध्ये शंट बसवायचा. मॉनिटरला वीज देणाऱ्या बारीक लाल वायरीवर, बॅटरीच्या जवळच, फ्यूज हवाच.

आता खरी गंमत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर शंटची केबल सोडून एकही वायर राहता कामा नये. एक जरी राहिली तर तो खिडकीतून चढलेला प्रवासी. कंडक्टरला पत्ताच नाही! सोलरची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीवर राहिली तर आलेली वीज मोजलीच जात नाही आणि मॉनिटर उगाच कमी दाखवतो. पण तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची वायर तशी राहिली तर उलटं होतं. पंप रात्रभर बॅटरी पितो आणि स्क्रीनवर 70 टक्के दिमाखात झळकत राहतात. हे जास्त घातक, कारण माणूस बिनधास्त राहतो.

शेवटी बॅटरी पूर्ण चार्ज करून मॉनिटरला सांगायचं, हे 100 टक्के. मोजणीतल्या बारीक चुका साठत जातात, म्हणून हे अधूनमधून पुन्हा करावं लागतं. आणि बॅटरी किती एएचची हेही आपणच सांगायचं. जुनी बॅटरी 200 ची 120 वर आली असेल आणि मॉनिटरला अजून 200 च माहीत असेल, तर तो बिचारा प्रामाणिकपणे चुकीचंच सांगणार.

आता पुन्हा अभ्यासिकेत येऊ. समजा तीन पंखे आणि चार एलईडी, मिळून 250 वॅट. इन्व्हर्टरची गळती धरून 12 व्होल्टच्या बॅटरीतून साधारण 25 अँपिअर जाणार. बॅटरी 150 एएच, म्हणजे कागदावर सहा तास. पण तो 150 चा आकडा बहुधा 20 तासांत सावकाश, 7.5 अँपिअरने काढल्यावरचा असतो. भराभर काढलं की कमी मिळतं. जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी हे 1897 मध्येच मांडलं. शिवाय दर वेळी तळ गाठला तर लेड-ॲसिड बॅटरी लवकर मरते. अर्ध्यावर थांबायचं म्हटलं, तर हाताशी येतात दोन-अडीच तास.

म्हणजे काका अगदीच खोटं बोलत नव्हते. बॅटरी जुनी झाली होती. फक्त ती कशाने झाली, हे कुणी मोजलं नव्हतं. फायनल इयरला प्रोजेक्ट शोधताय? एक शंट, एक अर्डुइनो आणि जवळची अभ्यासिका. जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनसमोर करा. आणि निगेटिव्ह टर्मिनलवर दुसरी वायर राहिली नाही ना, हे दोनदा बघा.