बंद झालेल्या चाकांचे सुटे भाग

मॅव्हिक या फ्रेंच कंपनीने १९९९ मध्ये क्सिरियम नावाची चाकं बाजारात आणली. तोपर्यंत शर्यतीच्या सायकलचं चाक म्हणजे बहुधा कारागिराची जुळणी असे. रिम एका कंपनीची, हब दुसरीचा आणि स्पोक तिसरीचे. क्सिरियममध्ये रिम, स्पोक आणि हब एकमेकांसाठीच आखलेले होते. नेहमीचे ३२ किंवा ३६ स्पोक गेले, पुढच्या चाकात १८ आणि मागच्यात २० राहिले. वजन घटलं, चाक ताठ झालं आणि जगभरच्या हौशी सायकलस्वारांनी ते उचलून धरलं. त्या काळातल्या कित्येक जोड्या आजही धावतात. अडचण येते ती एखादा स्पोक तुटतो तेव्हा.

साधा स्पोक कोणत्याही सायकल दुकानात मिळतो. एका टोकाला वाकवलेला, दुसऱ्या टोकाला आटे पाडलेला, साधारण २ मिमी जाड. लांबी सांगितली की काम झालं. मूळ क्सिरियमचा स्पोक पोलादाचा नाही. झिक्राल नावाच्या, जस्त मिसळून कणखर केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा तो बनतो. तो जाड आणि चपटा असतो, हबच्या टोकाला वाकत नाही आणि त्याचा निपल थेट रिमच्या आट्यांत बसतो. हे आटे पाडायची युक्ती मोठी देखणी आहे. रिमच्या आतल्या भिंतीला नेहमीसारखं ड्रिल मारून धातू काढून टाकत नाहीत. वेगाने फिरणारं कठीण हत्यार घर्षणाने तापवून आत दाबतात. मऊ पडलेला धातू बाजूला सरकून भोकाभोवती छोटी नळी तयार होते आणि तिच्यात आटे पाडतात. त्यामुळे टायरकडच्या भिंतीला भोकं पडत नाहीत आणि रिमटेपही लागत नाही. पण या रिममध्ये दुसरा कोणताही स्पोक बसत नाही, हीच त्या कौशल्याची दुसरी बाजू.

पोलादी स्पोक जुगाड करून बसवला, तर काय बिघडतं? त्यासाठी चाक वजन कसं पेलतं ते पाहावं लागेल. चांगल्या बांधलेल्या चाकात प्रत्येक स्पोकवर सुमारे १०० किलोचा ताण असतो. ३० सेमी लांबीची, २ मिमी जाडीची पोलादी तार एवढ्या ताणाने जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबते आणि चाकाची सगळी पुंजी त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये असते. सायकलवर माणूस बसला की जमिनीकडच्या मोजक्या स्पोकांचा ताण कमी होतो, इतरांचा जवळपास तसाच राहतो. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे आकडेमोड करून दाखवलं. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर, म्हणजे १०,००० किमीमध्ये प्रत्येक स्पोक जवळजवळ ४८ लाख वेळा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. स्पोक तुटतो तो बहुतेकदा एखाद्या धक्क्याने नव्हे, या थकव्याने.

ताठपणात अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश भरतं, म्हणून तर झिक्रालचे स्पोक जाड ठेवावे लागले. अशा वीस स्पोकांत एकच वेगळ्या ताठपणाचा आला, तर तो शेजाऱ्यांइतका भार उचलत नाही. चाकाचा आऊट काढल्यावर ते वरकरणी सरळ फिरेल, पण दर फेऱ्याला शेजारच्या स्पोकांवरचा ताण असमान होत राहील. स्पोक जेवढे कमी, तेवढा हा दोष मोठा. ३६ स्पोकांच्या चाकात एक तुटला तर घरी पोचता येतं. १८ स्पोकांच्या चाकाची रिम ब्रेकला घासू लागते.

मूळ स्पोक मिळवायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलची निकामी जोडी. रिमब्रेकच्या चाकाची रिम घासून पातळ होते आणि चाक बाद होतं, पण त्याचा हब आणि स्पोक शाबूत असतात. दुसऱ्या कुणाचा हब गेलेला असतो आणि रिम चांगली असते. मात्र अ‍ॅल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. छोट्या ताणाचीही नोंद धातूत साठत जाते. त्यामुळे खूप चाललेल्या चाकातून काढलेला स्पोक नव्यासारखा दिसला तरी नवा नसतो. भिंगाखाली आट्यांच्या मुळाशी तडा पाहावा आणि शंका आली तर तो वापरू नये.

हबची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त आशादायक वाटते. या पिढीतल्या मॅव्हिकच्या मागच्या हबमध्ये गिअरची कॅसेट ज्यावर बसते तो भाग एका बाजूने बेअरिंगवर आणि दुसऱ्या बाजूने प्लास्टिकच्या बुशवर फिरतो. बुश कोरडा पडला की उतारावर पेडल थांबवताच चाक किंचाळतं. पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, त्याचा हा आवाज. दुर्लक्ष केलं तर तो भाग अडकून चाकाबरोबर फिरू लागतो आणि साखळी सैल पडून लोंबते. वेगात हे धोक्याचं आहे. उपाय साधा आहे. खोलून पुसायचं आणि पातळ खनिज तेल द्यायचं. घट्ट ग्रीस घातलं तर आतले खटके चिकटतात.

झिजलेला बुश मात्र लेथवर नवा करता येतो. आपल्याकडे टर्नरच्या हाताशी नायलॉनचा रॉड असतो आणि तो लगेच तोच लावायला निघतो. त्याला थांबवावं. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतं, बुश आणि दांडा यांच्यातली मिलिमीटरच्या काही शतांशांची फट आपल्या पावसाळ्यात बंद होईल. अ‍ॅसिटल ओलावा फार कमी घेतं, ते मागावं.

बेअरिंगचं तर दुःखच नाही. वरचं आवरण काढलं की त्यावर क्रमांक दिसतो. ६९०२ असेल तर आतला व्यास १५ मिमी, बाहेरचा २८ आणि रुंदी ७. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय आहे. त्याला सायकलची कंपनी ठाऊक नसते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानात तो तसाच सांगायचा.

काही भाग मात्र घरी बनवायचा विचारही करू नये. मॅव्हिकच्याच आर-सिस चाकांत कार्बनचे पोकळ स्पोक होते, ताण आणि दाब दोन्ही सोसणारे. २००९ मध्ये कंपनीला त्यांची पुढची चाकं परत मागवावी लागली, कारण ते स्पोक तुटू शकत होते. कसलेल्या अभियंत्यांकडून हे घडतं, तर गॅरेजमध्ये चिकटवलेला कार्बन पुढच्या चाकात कशाला?

हे भाग दुर्मीळ का होतात याचं कारण केवळ कंपन्यांची हाव नाही. २०१८ मध्ये व्यावसायिक रस्ता शर्यतींत डिस्कब्रेकला कायमची परवानगी मिळाली आणि रिमब्रेकच्या उंची चाकांचा बाजार आटू लागला. मॅव्हिकची मालकी सालोमॉन, आदिदास, अ‍ॅमर अशी फिरत गेली. मे २०२० मध्ये कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली आणि त्याच वर्षी बूरेलिए समूहाने ती घेतली. एवढ्या हातांतून जाताना वीस वर्षांपूर्वीच्या स्पोकांचा साठा कुणाच्या प्राधान्यक्रमात असणार? कायद्याचाही इथे फार आधार नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या दुरुस्ती-हक्काच्या नियमांत बॅटरीची सायकल येते ती बॅटरीमुळे. साधी सायकल त्या यादीत नाही. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती-हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यासाठी निवडलेली क्षेत्रं शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही होती.

कंपनीने एखादं मॉडेल बंद करताना त्याच्या स्पोकची लांबी, आट्यांचं माप आणि बुशचं चित्र जाहीर केलं, तर तिचं काहीच जात नाही आणि हजारो चाकं वाचतात. ही मागणी सायकलस्वारांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर तुम्ही भारी चाकं घेत असाल, तर वजन विचारण्याआधी दुकानदाराला विचारा की याचे स्पोक आणि बेअरिंग दुसऱ्या कंपनीचे चालतात का. तुमच्याकडे अशी जुनी जोडी असेल, तर चार-सहा जादा स्पोक आजच शोधून ठेवा. आणि जोडी निकामी झालीच, तर ती भंगारात न देता चाकं बांधणाऱ्या कारागिराकडे पोचवा.