भोक पाडण्याआधी बिट पारखा

पडद्याचा रॉड, स्वयंपाकघरातली मांडणी, न्हाणीघरातला आरसा... कामे छोटीच, पण सुताराची वाट पाहण्यात आठवडा जातो. म्हणून अनेक घरांत आता ड्रिल मशीन आले आहे. मात्र लोखंडाचे बिट भिंतीला लावले, की त्याची धार जाते आणि दोष मशीनच्या माथी येतो. खरे काम बिट करते. ते वस्तू पाहूनच निवडायला हवे.

भिंतीसाठी

वीट आणि काँक्रीटसाठी मेसनरी बिट घ्या. त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचे पाते बसवलेले असते आणि ते दांड्यापेक्षा किंचित रुंद दिसते. हीच त्याची ओळख. काँक्रीटसाठी मशीनचे हॅमर बटण चालू हवे. जुन्या, भुसभुशीत विटेत ते बंद ठेवा. नाहीतर भोक मोठे होऊन प्लग सैल बसतो. 6 मिमीच्या प्लगला 6 मिमीचेच बिट लावा. हवी तेवढी खोली मोजून बिटावर चिकटपट्टी गुंडाळली, की अंदाज चुकत नाही.

लोखंड आणि इतर धातू

धातूसाठी हायस्पीड स्टीलचे, म्हणजे एचएसएस बिट लागते. आधी पंचाने खूण करा, म्हणजे बिट घसरणार नाही. बिट जितके जाड, तितका वेग कमी ठेवावा. साध्या लोखंडात 6 मिमीच्या बिटाला मिनिटाला सुमारे 1300 फेरे पुरतात. 12 मिमीला त्याच्या निम्मे. मधूनमधून तेलाचे थेंब सोडा. बीड मात्र कोरडेच कापावे. ॲल्युमिनियमचा कीस बिटाच्या खाचांत चिकटतो, म्हणून बिट वारंवार बाहेर काढून साफ करा.

स्टेनलेस स्टील सर्वांत हट्टी. बिट नुसते घासत राहिले, तर तिथला पत्रा आणखी कडक होतो. त्यासाठी कोबाल्टमिश्रित बिट, कमी वेग, तेल आणि एकसारखा दाब हवा. बिटाच्या सोनेरी रंगाला मात्र भुलू नका. तो बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा पातळ मुलामा असतो. पुन्हा धार लावली, की टोकावरून निघून जातो.

लाकूड, टाइल्स, काच

लाकडासाठी मध्यभागी अणकुचीदार टोक असलेले बिट घ्या. मागे टाकाऊ फळी धरली, की कड फुटत नाही. साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकासारखे कार्बाइड बिट चालते. व्हिट्रिफाइड टाइल व ग्रॅनाइटला हिऱ्याची कणी असलेले पोकळ बिट लागते. येथे हॅमर बंद, वेग कमी आणि जागा ओल्या स्पंजने गार ठेवावी. पाणी मशीनमध्ये जाऊ देऊ नका. टफन्ड काचेला घरी हात लावू नये. भोक पाडताना ती एका क्षणात चुरा होते.

जिवाला जपा

स्विच बोर्डाच्या सरळ वर, खाली वा आडव्या रेषेत भोक पाडू नका. भिंतीतल्या तारा बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. शंका असेल तर वायरमनला विचारा. डोळ्यांना गॉगल लावा, केस बांधा, पदर किंवा ओढणी खोचून घ्या. फिरत्या बिटाजवळ हातमोजे घालू नका. ते बिटात अडकून हात ओढला जातो. बिट बदलताना प्लग सॉकेटमधून काढलेलाच असावा. मुले घरात असतील, तर काम संपताच मशीन कपाटात ठेवा.