सामाईक भिंत

पेठेत वाडा पाडला, की शेजारच्या वाड्याची सामाईक भिंत काही आठवडे उघडी पडते. गेलेल्या घराचं सगळं त्या भिंतीवर उमटलेलं असतं. वरच्या मजल्याचा पोपटी डिस्टेंपर, खालचा निळसर चुना, तिरकी चढत गेलेली जिन्याची खूण, तुळयांची रिकामी भोकं, एखाद्या खुंटीला राहून गेलेलं कॅलेंडर. मग नव्या इमारतीचे कॉलम उठतात आणि भिंत झाकली जाते. गेली बारा वर्षं मी कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतून कॅमेरा घेऊन हिंडतो आहे. मला विचाराल तर जुन्या पुण्याचा सगळ्यात खरा फोटो या भिंतीचा.

दिंडी दरवाजे आणि सुरूचे खांब यांचे फोटो भरपूर निघतात. देखणे असतात, पण मागे ना पेठ लिहिलेली, ना घरक्रमांक, ना तारीख. पंचवीस वर्षांनी असा फोटो कुठल्याही गावाचा होतो.

माझ्या आजोळचा नारायण पेठेतला वाडा १२ जुलै १९६१ला पानशेतच्या पुरात बसला. त्याचा मुद्दाम काढलेला एकही फोटो नाही. आहे तो मामाच्या मुंजीतला. बटूच्या मागे दरवाज्याची अर्धी चौकट, आंब्याचं तोरण आणि पत्र्याच्या पाटीवरचे घरक्रमांकाचे दोन आकडे. तिसरा मामाच्या आत्याच्या पदराआड. जुन्या पुण्याचा फार मोठा संग्रह असाच घरोघरच्या अल्बमांत, मुंजी-लग्नांच्या पाठीमागे, कुणी न शोधलेला पडून आहे.

नदीकाठचे वाडे पुराने नेले. बाकीचे हळूहळू खचले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. चार-दोन रुपये भाड्यात मालक कौलं कशी चाळणार? त्यात भाऊबंदकी आणि कोर्टातल्या तारखा. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस, गॅलरीखाली लाकडी टेकू, शेवटी बिल्डर. सामाईक संडासासमोर रांग लावून आयुष्य काढलेल्या भाडेकरूला नवा फ्लॅट हवा असेल, तर त्यात काहीही गैर नाही. वाडा राहावा असा हट्ट मी धरत नाही. त्याची नोंद राहावी, एवढाच हट्ट आहे.

पूर्वी पुण्यात ही नोंद नावातच राहायची. वाडा पडून मोकळी राहिलेली जागा म्हणजे बखळ. हसबनीस बखळ म्हटलं, की तिथे एकेकाळी काहीतरी उभं होतं हे कळतं. आता जागा मोकळी राहतच नाही.

नाव पुरत नाही, तिथे चित्र नोंद ठेवतं. शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळला. आतला दरबार आज डोळ्यांसमोर आणता येतो, तो पेशवे आणि इंग्रजांच्या १७९०च्या तहाच्या चित्रामुळे. चित्रकार जेम्स वेल्सने पुण्यात रेखाटनं करून ठेवली आणि तो वारल्यावर थॉमस डॅनियलने त्यांवरून ते चित्र रंगवलं. त्याच सुमारास इंग्रजांचा रेसिडेंट मॅलेट याच्या पदरी असलेला पुण्याचा गंगाराम तांबट वेरूळची लेणी आणि पुण्यातली माणसं, जनावरं कागदावर उतरवत होता. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

लंडनमध्ये १८७५ साली ऑक्सफर्ड आर्म्स नावाची जुनी सराई पाडणार असं कळल्यावर काही मंडळींनी संस्थाच काढली. १८८६पर्यंत त्यांनी जुन्या लंडनचे १२० फोटो छापले, तेही न विटणाऱ्या कार्बन पद्धतीने, आणि सोबत माहितीची टिपणं दिली. मला त्यांची टिपणं फोटोंइतकीच मोलाची वाटतात.

आपल्याकडे जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ला मुलींची शाळा काढली तो बुधवार पेठेतला भिडेवाडा डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी उतरवला. त्याच्या दर्शनी भागाचे फोटो मी शेकड्यांनी पाहिले. जिन्याचे, आतल्या खोल्यांचे मोजकेच. सप्टेंबर २०२४पासून कसबा आणि मंडईच्या पोटातून मेट्रो धावते. स्टेशनाबाहेर पडलं, की पहिल्यांदा दिसतं ते आज टिपायला हवं, कारण तेही बदलणार आहे.

बोळात फोटो काढणं सोपं नाही. मागे सरकायला जागा नसते. कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकतात, म्हणून समोरच्या माडीवर जाऊन खिडकी मागावी लागते. ऊन जमिनीला टेकतं ते भर दुपारी, जेमतेम अर्धा तास. तांबट आळीत मठारकामाचे ठोके ऐकू येतात. तांब्याच्या घंगाळावर पडलेली प्रत्येक खूण दिसावी म्हणून कारागिराने दिवा जिथे टांगला असेल, तिथूनच मीही पाहतो.

मागच्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एका सामाईक भिंतीचा फोटो घेऊन मी त्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरू आजींकडे गेलो. काजळीने काळ्या झालेल्या कोनाड्याखाली मी ‘देवघर’ असं लिहिलं होतं. आजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

“देवघर कसलं रे? इथं माझा स्टोव्ह. देव पलीकडे, जिन्याखाली. जागाच नव्हती.”

मी पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं आणि त्या सांगत गेल्या तसं फोटोमागे नव्याने लिहीत गेलो.