एरंडाचें गुऱ्हाळ

एरंडाची जितकी उपेक्षा मराठी भाषेनें केली आहे, तितकी दुसऱ्या कोणत्याही झाडाची केलेली नाहीं. जेथें वृक्षच नाहींत तेथें एरंडालाच वृक्ष म्हणावयाचें, एवढीच काय ती त्याची थोरवी. आणि घटकाच्या घटका खल होऊन निष्पत्ति शून्य झाली, कीं तें ‘एरंडाचें गुऱ्हाळ’! एरंडेलाचें नांव निघतांच माजघरांतून अंगणांत धूम ठोकणारीं मुलें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलीं असतील. कित्येक तर स्वतःच पळाले असतील. त्याच एरंडेलापासून आज मोटारींतील इंधनाच्या नळ्या, बुटांचे तळवे आणि चष्म्यांच्या चौकटी होतात. खनिज तेलावांचून प्लास्टिक होतच नाहीं, ही समजूत ज्या पदार्थांनीं खोटी पाडली, त्यांत एरंडेलाचें स्थान बरेंच वरचें आहे.

तेलापासून राळ होते कशी, हें पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. स्वयंपाकघरांतील वरच्या फळीवरचे डबे वर्षाकांठीं खालीं काढले, म्हणजे त्यांवर एक पिवळट, चिकट पापुद्रा आढळतो. गृहिणी तो राखेनें अगर सोड्यानें घांसतात आणि कंटाळतात. हा पापुद्रा म्हणजे तेलाची आपोआप झालेली राळच होय. तेलाचा प्रत्येक सूक्ष्म कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका खुंटीस बांधलेल्या तीन लांब सांखळ्या. कांहीं तेलांच्या सांखळ्यांत मधून मधून सैल दुवे असतात. तेथें हवेंतील प्राणवायु शिरतो आणि शेजारशेजारच्या सांखळ्या एकमेकींत गुंतवून टाकतो. असें जाळें विणलें गेलें, कीं तेल पातळ राहत नाहीं. जवसाच्या तेलांत हे दुवे भरपूर, करडईच्यांत त्याहून कमी, आणि खोबरेलांत जवळ जवळ नाहींतच. म्हणून दारांच्या रंगांत जवसाचें तेल पडतें, खोबरेल पडत नाहीं. इंग्लंडांत फ्रेडरिक वॉल्टन यानें १८६३ च्या सुमारास याच वाळलेल्या जवसतेलांत बुचाच्या झाडाची भुकटी मिसळून, तें मिश्रण तागाच्या कापडावर थापून, लिनोलियम नांवाचें जमिनीवर पसरावयाचें आच्छादन काढलें. पुढें खनिज तेलाच्या प्लास्टिकनें त्यास मागें ढकललें. तथापि तें अद्यापि तयार होतें.

एरंडेलाची प्रकृति निराळी. तें हवेवर सहसा वाळत नाहीं. परंतु कच्छांतील निरोणा गांवीं जाऊन पाहावें. तेथील कारागीर एरंडेल फार वेळ कढवितात, गार पाण्यांत ओततात आणि हातीं येणाऱ्या दाट लगद्यांत रंग कालवितात. मग तो तळहातावर घोळून, धातूच्या काडीनें त्याचा केसासारखा तंतु ओढीत कापडावर वेलबुट्टी काढतात. या कलेस ‘रोगन’ म्हणतात. फारसींत रोगन म्हणजे तेल. आपल्याकडे लांकडास लावावयाच्या चकाकीस ‘रोगण’ हा जो शब्द आहे, तो तेथूनच आलेला. एरंडाचें खरेंखुरें गुऱ्हाळ लावून त्यांतून काम साधणारे लोक आपल्या शेजारींच नांदत होते, आणि आम्ही मात्र म्हणीवर विसंबून राहिलों!

एरंडेलाच्या अंगचा गुण रसायनशास्त्रानें पुढें उलगडला. त्यांतील शेंकडा ८५ ते ९० भाग रिसिनोलेइक नांवाच्या एकाच अम्लाचा असतो. या अम्लाची सांखळी अठरा कर्बांची; तिला नवव्या कर्बापाशीं सैल दुवा आणि बाराव्यापाशीं एक जास्तीची मूठ आहे, कीं जिला धरून दुसरा पदार्थ जोडतां येतो. शिवाय या तेलावर संस्कार करून तें सुमारें पांचशे अंश उष्णतेंतून नेलें, तर सांखळी नेमक्या ठिकाणीं तुटून सात आणि अकरा कर्बांचे दोन तुकडे पडतात. साताचा तुकडा अत्तरवाल्यांकडे जातो व त्यापासून मोगऱ्या-जाईसारखा वास साधतात. अकराच्या तुकड्यापासून नायलॉन होतें. पहिलें नायलॉन अमेरिकेंत ड्युपाँ कंपनीच्या कॅरोथर्स यानें १९३५ सालीं केलें. त्याचें मूळ कोळशांत आणि खनिज तेलांत. एरंडेलाचें नायलॉन १९४० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें सिद्ध झालें, आणि सेर्किन्यी गांवाजवळून वाहणाऱ्या रील नदीवरून त्यास ‘रिल्सान’ हें नांव मिळालें. जगांतील बहुतेक एरंडेल भारतांतून, त्यांतही मुख्यत्वें गुजराथेंतून जातें. बीं आपलें आणि नांव परक्या नदीचें, याचें आम्हांस थोडें वाईट वाटतें. पण तें असो.

आतां या वस्तूंस ‘हिरव्या’ म्हणून मिरविण्याची जी टूम निघाली आहे, तिजबद्दल लिहिणें भाग आहे. वनस्पतीपासून झालेली वस्तु मातींत कुजतेच, असा पुष्कळांचा समज दिसतो. रिल्सानची नळी परसांतल्या खतखड्ड्यांत पुरली, तर ती जशीच्या तशी राहील. तिचा लाभ एवढाच, कीं तिच्यांतील कर्ब एरंडाच्या पानानें हवेंतून घेतलेला असतो, भूगर्भांतून उपसलेला नसतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु तो एक आणि कुजणें दुसरें. तसेंच एरंडेलाच्या त्या जास्तीच्या मुठीशीं आयसोसायनेट जोडून गाद्यांचा फेंस व रोगणें करितात. त्यांतला आयसोसायनेट बहुधा खनिज तेलाचाच. धोतर सोवळ्याचें आणि उपरणें ओंवळ्याचें, अशांतलाच हा प्रकार! अशी वस्तु घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. किती भाग सोवळा, हें मात्र विकणाऱ्यानें सांगावें.

खरी अडचण शेताची आहे. जगांत वर्षाकांठीं चाळीस कोटी टनांहून अधिक प्लास्टिक होतें, आणि एरंडेल एक कोटी टन तर नाहींच, दहा लाख टनही भरत नाहीं. ही तूट सोयाबीन अगर सूर्यफुलाच्या तेलानें भरून काढूं म्हटल्यास तें तेल कोणाच्या तरी फोडणींतून काढून घ्यावें लागेल. भारत आपल्या खाण्याच्या तेलापैकीं अर्ध्याहून अधिक परदेशांतून आणतो. ज्या घरांत महिनाअखेर तेलाची बरणी तिरपी करावी लागते, त्या घरास प्लास्टिकच्या हिरवेपणाचा उपदेश करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. एरंडेल कोणाच्या ताटांतलें नाहीं. त्याची पेंडही विषारी, म्हणून ती गुरांपुढें न ठेवतां खत म्हणून शेतांत जाते. आमच्या मतें अशाच तेलांचा विचार आधीं व्हावा.

अशांपैकीं दुसरें तेल आमच्या कोंकणांत निघतें. काजू पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणला. गर आपण खातों, बोंडू माणसें आणि गुरें मिळून संपवितात, आणि टरफल राहतें. त्याच्या दोन पदरांमधील पोळ्यासारख्या जागेंत काळसर, दाहक तेल असतें. बिब्बा आणि काजू एकाच कुळांतले. बिब्बा जसा अंगावर उततो तसेंच हें तेलही. कोंकणांत होड्यांस आणि वाशांस तें पूर्वींपासून चोपडीत, कारण कीड त्याच्या वाटेस जात नाहीं. तापविल्यावर त्यांतून कार्डनॉल नांवाचा पदार्थ मिळतो. बेकलंडनें १९०७ सालीं फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बेकेलाइट केलें. त्यांतील फिनॉलची जागा कार्डनॉल घेऊं शकतो, हें अमेरिकेंत मॉर्टिमर हार्वे यानें दाखविलें. आज मोटारींच्या ब्रेकांच्या पट्ट्यांत काजूची राळ असते, आणि जहाजांच्या ज्या रंगांस थंडी-ओलाव्यांतही घट्ट व्हावें लागतें, त्यांतही कार्डनॉलपासून केलेले पदार्थ पडतात. यासाठीं एक गुंठाही जमीन जास्त नांगरावी लागत नाहीं.

परंतु टरफल फोडावें लागतें, आणि हें काम बहुतांशीं बायकांचें. बी वाफवून पात्याखालीं धरली, कीं तेलाचा शिंतोडा बोटांवर येतो. कित्येक ठिकाणीं राख अगर तेल चोळून त्या हात वांचवितात. हातमोजे दिले तरी सरासर गती मंदावते आणि मजुरी किलोवर असली तर मोजे बाजूस पडतात. काळवंडलेलीं बोटें महिनोन् महिने उजळत नाहींत. राळेचा भाव ठरवितांना या बोटांचा हिशेब कोणत्या खात्यांत घालतात, हें कारखानदारांस विचारण्याजोगें आहे. टरफलें पुष्कळ ठिकाणीं तशींच बॉयलरखालीं घालतात आणि त्यांचा धूर वाफवणीच्या खोलीपर्यंत येऊन डोळ्यांस झोंबतो. आधीं घाण्यांत घालून तेल काढून घेतलें, तरी उरलेली पेंड जळण म्हणून चालतेच; आणि तिचा धूर पुष्कळ कमी असतो.